जमिनीला वारस, बंदुकीला परवाना

मालकी आणि ताबा हे दोन शब्द निराळे आहेत, हे जमीनधारक शेतकऱ्यास सांगावयास नको. बांधालगतच्या हातभर पट्टीसाठी ज्यांनी कचेरीच्या पायऱ्या झिजविल्या, त्यांस ह्या भेदाची किंमत पुरी ठाऊक असते. परंतु जो भेद आपण शेताच्या बाबतीत इतक्या नेटाने पाहतो, तोच घरातील बंदुकीच्या बाबतीत साफ विसरतो. वडील निवर्तले म्हणजे त्यांचे शेत मुलांचे होते. वारसांनी तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यावी, फेरफार नोंद व्हावी आणि त्यांची नावे सात-बाऱ्यावर चढावी, असा १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाने आखून दिलेला मार्ग आहे. नोंदीस उशीर झाला तरी मूळचा हक्क बुडत नाही. बंदुकीचे तसे नाही. वडिलांच्या मागे बंदुकीची मालकी वारसांकडे येते, पण ताबा येत नाही. परवाना ज्याच्या नावाचा, त्याच्यापुरताच ताबा कायदेशीर. तो मनुष्य गेला की परवाना सरला, आणि घरात खुंटीवर शांतपणे टांगलेली तीच बंदूक विनापरवाना झाली.

महसुली दप्तरात आयुष्य गेल्यामुळे आम्हांस एक गोष्ट वारंवार दिसून आली आहे. मृत खातेदाराच्या गुंठ्यागुंठ्याचा हिशेब वारसांस तोंडपाठ असतो. परंतु त्याच्या बंदुकीच्या परवान्याची मुदत केव्हा संपली, असे विचारले असता एकासही सांगता येत नाही. ही बेफिकिरी दुष्टपणाची नसते, अजाणतेपणाची असते. परंतु कायदा आणि छर्रा हे दोघेही अजाणतेपणाची सबब ऐकत नाहीत. सबब बंदूक बाळगणाऱ्या शेतकरी कुटुंबाने रानात, घरात आणि वारसाच्या प्रसंगी काय करावे, ह्याचा विचार ह्या लेखात करण्याचे योजिले आहे.

सिल्व्हर पार्क हे नाव आमच्या काही वाचकांस मुलांच्या पत्त्यावरून परिचयाचे असेल. ठाणे जिल्ह्यात मीरा रोडच्या पूर्व भागी, मीरा-भाईंदर रस्त्यावर ही वस्ती आहे. ह्या टापूत पूर्वी भाताची खाचरे आणि मिठागरे होती. १९८५ साली येथे नगरपरिषद झाली, २००२ साली महानगरपालिका झाली, आणि आज तेथे मजल्यावर मजले चढले आहेत. कोकणातून आणि देशावरून नोकरीधंद्यासाठी आलेली किती तरी कुटुंबे अशा वस्त्यांत राहतात. वडील गावी, मुलगा शहरी, हा आता घरोघरचा रिवाज झाला आहे. आणि बंदुकीचा घोटाळा होतो तो नेमका ह्या दोन घरांच्या मधल्या वाटेवर.

तो असा. वडील वारतात. दिवसकार्य आटोपते. गावच्या घरास कुलूप लागावयाचे असते. रिकाम्या घरात बंदूक ठेवणे बरे नव्हे, असे मुलास वाटते, आणि ते वाटणे योग्यच आहे. मग तो ती गोधडीत गुंडाळून, मोटारीत घालून, सिल्व्हर पार्कातील आपल्या बिऱ्हाडी आणतो आणि पोटमाळ्यावर ठेवून देतो. त्याच्या मनात पाप नसते. बापाची वस्तू सांभाळतो आहोत अशीच त्याची भावना असते. परंतु १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या नजरेने पाहिले तर त्याने विनापरवाना हत्यार जवळ बाळगले, ते गावोगाव नेले आणि दाट वस्तीत आणून ठेविले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्यास किमान दोन वर्षांची कैद सांगितली आहे. बापाच्या तेराव्याच्या आठवड्यात मुलाने हे ओझे शिरावर का घ्यावे?

योग्य मार्ग अगदी सोपा आहे. परवानाधारक मरण पावताच वारसांनी विनाविलंब बंदूक, शिल्लक काडतुसे किंवा दारू आणि परवान्याचे पुस्तक जवळच्या पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे आणि पावती घ्यावी. उत्तम तो मार्ग हा, की आधी ठाण्यावर वर्दी द्यावी आणि बंदूक घरातून कशी न्यावयाची हे तेथूनच विचारून घ्यावे. पावतीवर बंदुकीचा क्रमांक बरोबर उतरला आहे की नाही, हे वाचून पाहावे. जमा केलेली बंदूक सरकारजमा झाली, अशी समजूत पुष्कळांची असते व त्या भयाने ते जमा करीत नाहीत. ही समजूत चुकीची आहे. वारसास पुढे परवाना मिळाल्यास ती परत मिळते. न मिळाल्यास, ती बाळगण्यास अधिकृत असलेल्या मनुष्यास अथवा विक्रेत्यास विकण्याचा हक्क त्यास राहतो. मात्र ठरावीक मुदतीत काहीच हालचाल केली नाही, तर ती सरकारजमा होऊ शकते. म्हणून पावती खणात टाकून स्वस्थ बसू नये.

२०१६ च्या शस्त्र नियमांत वारसांसाठी स्वतंत्र सोय आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारसास अर्ज करता येतो. एवढेच नव्हे, तर परवानाधारकाचे वय ७० वर्षांचे झाले, किंवा बंदूक जवळ बाळगून २५ वर्षे झाली, ह्यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, त्यास आपल्या हयातीतच एका वारसाचे नाव सुचविता येते. इतर वारसांची संमती घ्यावी लागते. जे वडील जमिनीची वाटणी जिवंतपणी करून भावाभावांतील तंटा मिटवितात, त्यांनी बंदुकीचाही निकाल त्याच बैठकीत लावावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्या वयात सांजवेळी बांधावरचे झुडूप आणि बांधावरचा मनुष्य ह्यांत फरक करता येईनासा होतो, त्या वयात चापावरचे बोट काढून घेणे हे कमीपणाचे नाही, शहाणपणाचे आहे.

अर्ज कोठे करावयाचा, हेही जाणून असावे. ग्रामीण भागात परवाना देणारा अधिकारी जिल्हादंडाधिकारी, म्हणजे आपले जिल्हाधिकारीच. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत मात्र हा अधिकार पोलीस आयुक्तांकडे असतो. मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झाले. तेव्हा सिल्व्हर पार्कात राहणाऱ्या वारसाने गावच्या तहसील कचेरीत खेपा घालण्यापूर्वी आपण राहतो त्या हद्दीचा अधिकारी कोण, हे पाहावे. अर्जदार २१ वर्षे पूर्ण झालेला असावा, त्याने शस्त्र हाताळण्याचे शिक्षण घेतलेले असावे, आणि हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी, अशी अपेक्षा असते. तसेच स्वतः परवानाधारकानेच बिऱ्हाड बदलून बंदूक बरोबर नेली, तर तीस दिवसांच्या आत नव्या ठिकाणच्या अधिकाऱ्यास कळविले पाहिजे. कोणाही मनुष्यास आता दोनांहून अधिक बंदुका ठेविता येत नाहीत, आणि वारसाने आलेली बंदूक ह्या मोजणीतून सुटत नाही. २०१९ पूर्वी ही मर्यादा तीन होती. परवान्याची मुदतही तेव्हा तीन वर्षांची होती, ती आता पाच वर्षांची आहे. मुदत लांबली म्हणून विसरही लांबतो. करिता मुदत सरण्यापूर्वी दोन महिने नूतनीकरणाचा अर्ज द्यावा.

परंतु अर्ज करण्यापूर्वी वारसाने आपणास एक प्रश्न अवश्य विचारावा: ही बंदूक मला कशासाठी पाहिजे? वडिलांस परवाना मिळाला होता तो बहुधा पीकरक्षणासाठी. शस्त्र अधिनियमात ह्या कामी ठासणीच्या बंदुकीची सोय सांगितली आहे, आणि ती पुरेशी नसेल तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याची मुभा अधिकाऱ्यास आहे. म्हणजे बंदुकीचे नाते पिकाशी आहे. जेथे पीक नाही, रान नाही, आणि एका भिंतीपलीकडे शेजाऱ्याचे मूल निजलेले आहे, तेथे त्या बंदुकीचे काम काय? कसणारा भाऊ गावी असेल तर परवाना त्याने मागावा. कोणीच कसत नसेल तर ती विकून मोकळे व्हावे. बापाची आठवण ठेवावयास त्याचा विळा आहे, पागोटे आहे, त्याने लाविलेला आंबा आहे.

आता शेतातील वापराविषयी. पीकरक्षणाचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे, ही गोष्ट दारावर लिहून ठेवण्याजोगी आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानडुकरासही संरक्षण आहे. उभ्या पिकाची नासाडी करणाऱ्या अशा जनावरास मारावयाचे तर वनखात्याच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. परवानगी हाती नसता मारलेले डुक्कर हे पीकरक्षण ठरत नाही, गुन्हा ठरतो. नासाडी झाल्यास ताबडतोब वनखात्याकडे वर्दी देऊन पंचनामा करून घ्यावा आणि भरपाईचा अर्ज द्यावा. राखण, कुंपण, मचाण, उजेड आणि आवाज ह्या उपायांनी जे साधते, ते बाराने साधू पाहू नये. कुंपणात विजेचा प्रवाह सोडणे तर सर्वथा वर्ज्य समजावे; ती तार डुक्कर आणि शेजारी ह्यांत भेद करीत नाही.

जानेवारी २०२५ च्या अखेरीस पालघर जिल्ह्यात मनोरजवळ बोरशेतीच्या रानात जे घडले, ते प्रत्येक बंदूकधाऱ्याने ध्यानी धरावे. डुकराच्या शिकारीस गेलेल्या गावकऱ्यांपैकी एकाने आपल्याच सोबत्यांची चाहूल डुकराची समजून गोळी झाडली. एक जण प्राणास मुकला. भ्यालेल्या सोबत्यांनी प्रेत रानातच लपविले, आणि पोलिसांना त्याचा शोध लागेपर्यंत काही दिवस लोटले. चाहुलीवर बार काढणे हा पहिला अपराध आणि झाकणे हा दुसरा. ह्यांपैकी दुसरा तरी प्रत्येकास टाळता येण्याजोगा होता.

म्हणून रानात पाळावयाचे नियम थोडक्यात सांगतो. हललेल्या झुडपावर, चमकलेल्या डोळ्यांवर किंवा आवाजावर कधीही बार काढू नये; जनावर पुरते ओळखल्याशिवाय आणि त्याच्या पाठीमागे काय आहे हे पाहिल्याशिवाय चापास बोट लावू नये. मोठा छर्रा पाचशे मीटरांच्या पलीकडेही जातो, आणि कातळावर अथवा पाण्यावर आपटला तर भलतीकडे उसळतो. बंदुकीचे तोंड नेहमी मनुष्यापासून दूर असावे. बांध, गडगा किंवा ओढा ओलांडावयाचा झाल्यास आधी बंदूक रिकामी करावी. चाप ओढूनही बार झाला नाही, तर तोंड मोकळ्या दिशेस ठेवून निदान मिनिटभर थांबावे. ओलसर दारू पुष्कळदा उशिराने पेट घेते. आत डोकावून पाहणे म्हणजे मृत्यूच्या तोंडात डोकावणे होय. मद्य प्यालेल्या मनुष्याच्या हाती बंदूक देऊ नये, मग तो घरचा कर्ता का असेना.

ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे वरून दिसत नाही. त्यासाठी जुनी युक्ती फार चांगली आहे. नळी रिकामी असल्याची खात्री असताना तीत गज घालावा आणि नळीच्या तोंडाशी येईल तेथे गजावर खूण करावी. पुढे केव्हाही गज हलक्या हाताने घातला असता ती खूण वर राहिली, तर आत ठासण आहे असे समजावे. ही पाहणी टोपी काढून, घोडा उतरवून आणि आपले तोंड व छाती नळीच्या समोरून बाजूस ठेवून करावी. भरलेली बंदूक कोणत्याही कारणाने उंबरठ्याच्या आत आणू नये.

घरातील व्यवस्था ह्याहून महत्त्वाची आहे, कारण रानात माणूस सावध असतो, घरात नसतो. खुंटीवर बंदूक टांगण्याची जुनी पद्धत आता सोडून द्यावी. बंदूक भिंतीस पक्क्या केलेल्या लोखंडी कपाटात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि दारू चुलीपासून, दिव्यापासून व ओलीपासून दूर ठेवावी. दोन्ही किल्ल्या परवानाधारकापाशीच असाव्यात. देव्हाऱ्यामागे किंवा उतरंडीत लपविलेली किल्ली घरातील सर्वांत लहान मुलासच आधी सापडते. एक छोटी वही करावी. बंदूक कोणत्या दिवशी बाहेर काढली, किती बार झाले, किती काडतुसे उरली, परत केव्हा ठेविली, हे तीत लिहावे. वहीचा आणि कपाटाचा ताळा जुळला नाही, तर त्याच दिवशी शोध घ्यावा. हत्यार हरवले अथवा चोरीस गेले तर क्षणाचाही विलंब न लावता पोलीस ठाण्यात वर्दी द्यावी.

किल्ली दुसऱ्याच्या हाती गेली म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण मीरा रोडच्या शेजारचे आहे. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसर येथे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर ह्यांचा गोळ्या झाडून खून झाला, आणि झाडणाऱ्याने लगेच स्वतःचाही अंत करून घेतला. ते पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावे परवाना असलेले होते, असे पोलिसांनी सांगितले. परवाना एकाचा आणि बोट दुसऱ्याचे! परवान्याच्या कागदाने हत्यार सुरक्षित होत नाही. ते कोणाच्या हातास लागू शकते, ह्यावर सर्व काही अवलंबून असते. परवाना नसलेल्या माणसाने परवानाधारकाची बंदूक न्यावयाची ती परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्राने, आणि तीही दुरुस्ती, नूतनीकरण अथवा परवानाधारकाच्या स्वतःच्या वापरासाठी. जावयास हौस आली किंवा शेजाऱ्यास एका रात्रीची गरज पडली, म्हणून ती देता येत नाही.

मे महिन्याच्या सुटीत आणि गणपतीत शहरातील नातवंडे गावी येतात. त्यांनी बंदूक पाहिलेली असते ती चित्रपटात आणि मोबाइलच्या खेळात, जेथे मेलेला मनुष्य पुन्हा उठून उभा राहतो. त्यांच्यापासून ती नुसती लपवू नये. लपविलेल्या वस्तूची ओढ अधिक. आजोबांनी त्यांस एकदा समोर बसवून सांगावे, की ही वस्तू दिसली तर हात लावावयाचा नाही, तेथून दूर व्हावयाचे आणि मोठ्या माणसास हाक मारावयाची. आणि एवढे सांगूनही कुलूप लावावे. खंडेनवमीस शस्त्रे पूजण्याचा आपला रिवाज आहे. तो जरूर पाळावा. पण पाटावर मांडण्यापूर्वी बंदूक रिकामी असल्याचे दोनदा पाहावे, आणि आरती होताच ती पुन्हा कपाटात जावी. लग्नात, वरातीत किंवा उत्सवात हवेत बार काढणे हा २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतील, असा अपराध आहे. शोभेचा बार काढण्यापूर्वी मांडवातील चेहरे एकदा मोजून पाहावे.

एक गोष्ट बोलावयास जड जाते, तरी बोललीच पाहिजे. पीक बुडाले, कर्ज थकले, घरात तंटा पेटला किंवा कोणी जिवास कंटाळला, म्हणजे त्या घरातील बंदूक त्याच दिवशी बाहेर गेली पाहिजे. क्षणाचा विचार दुसऱ्या क्षणी बदलतो. परंतु बंदूक तो दुसरा क्षण येऊ देत नाही. अशा वेळी परवानाधारकाने आपण होऊन ती ठाण्यात किंवा शस्त्रविक्रेत्याकडे ठेवणीस द्यावी. त्याला सुचत नसेल तर पत्नीने, भावाने, मोठ्या मुलाने संकोच सोडून पोलीस ठाण्याची मदत घ्यावी. त्यात घराण्याची अब्रू जात नाही. खचलेल्या मनुष्यास एकटे सोडू नये. १४४१६ ह्या क्रमांकावर टेलिमानस नावाची सरकारी सेवा विनामूल्य आहे; तेथे मराठीतही बोलता येते.

येत्या खंडेनवमीपूर्वी प्रत्येक वाचकाने तीन कामे करावीत. परवान्याचे पुस्तक काढून त्यातील मुदत, क्षेत्र, बंदुकीचा क्रमांक आणि अटी स्वतः वाचाव्यात. कुलपे आणि किल्ल्या तपासाव्यात. आणि एका कागदावर, आपल्या मागे बंदूक कोणत्या पोलीस ठाण्यात जमा करावयाची, पुढे परवाना कोणी मागावा किंवा ती विकून टाकावी, हे लिहून तो कागद घरातील सर्वांस वाचून दाखवावा. सिल्व्हर पार्कातील मुलासही त्याची प्रत पाठवावी. सात-बारा आपण मुलांसाठी जपतो. त्याच दप्तरात हा एक कागद अधिक ठेवल्यास, आपल्या मागे मुलांस शेत मिळेल आणि त्यासोबत खटला मिळणार नाही. वाचकांनी ह्याचा अवश्य विचार करावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितो.